सगळ्या पाचांवर गोल

प्रिय सुमनकाकू,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. डिलाईल रोडच्या चाळीत तुझं दार आमच्या दारापासून अकरा पावलांवर होतं, पत्र लिहायचं कारणच काय? गॅलरीतून हाक मारली की तू ‘ये गो’ म्हणायचीस आणि मी यायचे. आता हाक कुठल्या दिशेला मारायची तेच कळत नाही, म्हणून कागद घेऊन बसलेय.

आज गुरुवार. शनिवारी सकाळी गिरगावात टेम्पो जाणार आहे. तुझ्या बहिणीची, शालूमावशीची पेटी, देव्हारा, स्टूल आणि खुद्द शालूमावशी, असं सगळं घेऊन तो आपली चाळ पाडून बांधलेल्या तुझ्या टॉवरखाली येणार. मग ती चौदाव्या मजल्यावर जाणार, तुझ्या खोलीत, तुझ्या पलंगावर. सोमवारी तिची वाडीतली खोली मालकाला परत करायच्या कागदावर सही. तुझ्या सुहासने सगळं ठरवलंय, आणि कशाच्या भरवशावर ठरवलंय माहितीये? तू माझ्या फॉर्मवर पेनाने काढलेल्या गोलांच्या.

मावशी गेल्या महिन्यात मोरीत घसरली. फार लागलं नाही, पण सुहासदादा घाबरला. तू अशी दुपारी एकटी असताना गेलीस, ते त्याच्या डोक्यातून जात नाही. दार आतून बंद, तो आणि वहिनी दोघं ऑफिसात, संध्याकाळी दुसऱ्या किल्लीने दार उघडलं तेव्हा कळलं. आता मावशीला एकटी ठेवायची नाही, असं त्याने मनाशी धरलंय. त्याच्या प्रेमात खोट नाही गं. तिथेच तर माझी पंचाईत आहे.

परवा मावशीने मला बोलावून घेतलं. दारात स्टूल टाकून वाती वळत बसली होती. मागे भिंतीवर तिचे ते खिळे आणि त्यांच्यावर वाडीतल्या नऊ घरांच्या किल्ल्या. मी अर्धा तास बसले असेन, तेवढ्यात चार जण किल्ली ठेवायला नाहीतर न्यायला येऊन गेले आणि प्रत्येकाने काहीतरी विचारलं. पाय कसा आहे, चहा झाला का, आमच्या घरचं पाणी आलं का. मग जरा निवांत झाल्यावर ती मला म्हणाली, “दिपू, तू ताईला कागदावर सगळं विचारलेलंस म्हणे. सुहास सांगत होता. ताई तिथे सुखात होती ना गो?”

मी म्हटलं, “हो मावशी.”

काकू, मला लाज वाटतेय. वीस बायकांच्या मुलाखती घेतलेली बाई मी. ‘सहभागी व्यक्तीशी प्रामाणिकपणा’ यावर दोन पानं लिहिलीत. आणि एका म्हातारीच्या एका साध्या प्रश्नाला धडधडीत खोटं उत्तर देऊन तिच्याच हातचा चहा पिऊन आले.

ह्या सगळ्याची सुरुवात तुला आठवते? मी पहिल्यांदा फॉर्म घेऊन आले तेव्हा तू खिडकीशी कुणाच्या तरी साडीला फॉल लावत होतीस. तुझ्याकडे आलेली ती शेवटची साडी असावी. मी म्हटलं, विषय आहे पुनर्विकासानंतर ज्येष्ठ स्त्रियांचे जगलेले अनुभव, त्यांची ओळख आणि त्यांचं स्वास्थ्य. सुई हवेत थांबली.

“म्हणजे काय गो?”

“म्हणजे तू बरी आहेस का, ते विचारायचं.”

“एवढ्यासाठी पीएचडी? ते तर तू दारातून जाता-येता रोज विचारायचीस.”

मी हसले. तेव्हाच हसणं थांबवून विचार करायला हवा होता, की मी आता दारातून जात-येत का नाही, आणि कोण जातं-येतं तुझ्या दारातून. पण मला फॉर्म भरून घ्यायचा होता. तीस वाक्यं, प्रत्येकासमोर एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. मी एकदा समजावून सांगितलं, तू मान डोलावलीस आणि चष्मा लावून पेपर लिहायला बसल्यासारखी बसलीस. माझ्याकडे पाठ सुद्धा केलीस थोडी. दहा मिनिटांत परत दिलास. सगळ्या पाचांवर गोल. तिसाच्या तीस.

त्यात एक वाक्य होतं, ‘मी माझ्या मनाने घराबाहेर जाऊ-येऊ शकते.’ त्यालाही पाच. आता ते पान काढून बघते तेव्हा वाटतं, माझे डोळे काय गहाण पडले होते? तू किती दिवसांत खाली उतरली नव्हतीस, हे मी एका शब्दाने विचारलं नाही. आनंदाने उड्या मारत लिफ्टपाशी आले. तिथे सुहासदादा भेटला, ऑफिसातून परत येत होता. “काय म्हणते आई? बरी आहे ना? माझ्याशी काही बोलत नाही गं ती,” असं त्याने इतक्या काळजीने विचारलं, की मी सांगून टाकलं. “दादा, पाचपैकी पाच दिलेत सगळीकडे. इतकं सुखी माणूस मला अजून भेटलं नाही.”

सांगायचं नसतं ते. फॉर्ममध्ये भरलेलं कुणाला सांगायचं नाही, हा पहिला नियम, आणि मी तो लिफ्टच्या दारात मोडला. पण त्याचा चेहरा बघायला हवा होतास तू. ह्या फ्लॅटसाठी त्याने कमिटीच्या किती मीटिंगा अंगावर घेतल्या, चौदावा मजला मिळावा म्हणून किती खेटे घातले, तुला वारा लागावा, उजेड मिळावा. तो सुटल्यासारखा हसला. तेव्हापासून तो ते पाचपैकी पाच जपून वापरतोय. तुझ्या तेराव्यालाही चार जणांत म्हणाला, “आमची आई शेवटपर्यंत सुखात होती. दिपूला विचारा, तिच्याकडे लेखी आहे.”

मग मी दुसऱ्यांदा आले, मुलाखतीला. फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं, मधे ठेवलं, तू त्याच्याकडे बघून पदर सारखा केलास. आणि माझ्या पहिल्या प्रश्नाच्या आधी तूच विचारलंस, “मागच्या वेळी पास झालीस ना?”

“कशात गं?”

“त्या पेपरात. मी कुठे एक मार्क कापला नाय. म्हटलं, आपल्या चाळीतली पोर, पैकीच्या पैकी देऊन टाकूया. पुढचा नशीब तुझा.”

मला आधी हसू आलं, मग त्यातला अर्थ कळला. काकू, ते मार्क मला द्यायचे नव्हते गं, तुझ्या जगण्याला द्यायचे होते. तू मला पास करत होतीस. माझ्या लहानपणी आईला शिफ्ट असली की तूच पाढे घ्यायचीस, आणि सतराचा चुकला तरी आईला सांगायचीस, सगळे आले. तीच सवय तू तिथेही चालवलीस. आणि मी, इतकी शिकलेली, ते पाच तुझ्या सुखाचे समजून घेऊन गेले.

मी विचारलं, “मग खरं किती?” तू स्वतःच्याच परकराला टाके घालत होतीस, त्याचा दोरा दाताने तोडलास, सुई ब्लाउजला टोचून ठेवलीस आणि दाराकडे बघितलंस. घरात कुणी नव्हतं. तरी बघितलंस.

मग तू बोललीस. लिफ्ट मधेच बंद पडली होती ती गोष्ट. हातात भाजीची पिशवी, आत अंधार, तू दार बडवतेस आणि आवाज कुठेच जात नाही. बाहेर काढलं तेव्हा वॉचमन म्हणाला, “आजी, पाचच मिनटं झाली.” ती पाच मिनिटं तू कुणालाच सांगितली नाहीस. घरी सांगितलंस गुडघे दुखतात. सुहासदादाने डॉक्टर केला, पट्टे आणले, आणि तू ते पट्टे तो घरी यायच्या वेळी बांधायचीस आणि तो गेला की सोडून ठेवायचीस. तेव्हापासून आठ महिने तू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतंस. चौदा जिने उतरणं शक्य नव्हतं आणि लिफ्टचं नाव काढलं की तळहाताला घाम यायचा.

साड्या येणंही थांबलं. चाळीत बायका जाता-जाता साडी टाकून जायच्या, गॅलरीत बसून गप्पा मारायच्या. इथे आधी खाली नाव लिहायचं, मग वर इंटरकॉम वाजणार, मग तू उचलून ‘सोडा’ म्हणायचं. आणि तुला तो इंटरकॉम उचलायची धास्ती. दोनदा कोणीतरी खालूनच परत गेलं, तिसऱ्यांदा कोणी आलं नाही. सुहास सांगून जायचा, आई, दार उघडू नको कुणाला. तू उघडत नव्हतीस. “सकाळी सगळी गेली की मी सेफ्टी डोअरला कान लावून बसते,” असं तू मला म्हणालीस. “कोण तरी शिंकला तरी बरा वाटता.” हे मी शंभरदा ऐकलंय. दरवेळी त्या वाक्याशी फोन बंद करावासा वाटतो.

आणि शेवटी तू माझा हात धरलास. “सुहासला कळता नये. एवढ्या हौसेनं आणलान माका. माझी शपथ आहे तुला.” मी ‘हो’ म्हटलं. एकीकडे तुझी शपथ, दुसरीकडे माझ्या सहीचा कागद, ‘आपली माहिती गुप्त ठेवली जाईल’. दोन्हीकडून कडी लागली आणि मी मधे.

त्या दिवशी निघताना मी तुला काय सांगितलं होतं, आठवतं? म्हटलं होतं, प्रबंधाचं हे प्रकरण माझ्या गाईड मॅडमना देऊन टाकते, मग येते. आपण दोघी लिफ्टने खाली जाऊ, मी हात धरते, भाजी आणू. तू म्हणालीस, “ये हां, वाट बघते.” प्रकरण दिलं. मॅडमनी दुरुस्त्या सांगितल्या. दुरुस्त्या केल्या, मग पुढचं प्रकरण आलं. मी भोईवाड्यात राहते, काकू, तुझ्या टॉवरपासून चालत वीस मिनिटं. लिफ्टमध्ये एका बाईचा हात धरायला पीएचडी लागत नाही. आले नाही मी. तुझ्या एकटेपणावर चाळीस पानं लिहीत होते आणि तुला भेटायला वेळ नव्हता. ह्याला काय म्हणायचं ते तूच म्हण.

मॅडमना मी पाचांची गोष्ट सांगितली. त्या शांतपणे म्हणाल्या, भरलेला फॉर्म आपल्या मनाने बदलायचा नसतो, तळटीप दे. दिली. आता तक्त्यात तू सगळ्यांत वर आहेस, सर्वांत सुखी, आणि खाली बारीक अक्षरात तीन ओळी आहेत की तसं नाही. तळटीप कोण वाचतं?

आज दुपारी सुहासदादा माझ्या घरी आला. बाकी काही नको म्हणाला, “आईचा आवाज दे.” त्याच्या फोनवर तुझी एकच व्हॉइस नोट उरलीय, त्यात तू म्हणतेस, येताना दही आण. तेवढंच. ती त्याने मला ऐकवली. “तुझ्याकडे दीड तास आहे, दिपू. मी कुणाला देणार नाही, मीच ऐकणार.”

मी म्हटलं, “दादा, नाही देता येत. तसा कागद केलेला असतो.”

“मी मुलगा आहे तिचा.”

“माहितीये.”

तो रागावला नाही, फोनवरची ती दह्याची नोट परत लावून बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. मला ते सहन होईना, म्हणून मी एक पळपुटेपणा केला. माझ्या प्रबंधातली चार पानं काढून त्याच्या हातात दिली. म्हटलं, हे वाच. मनात म्हटलं, वाचून ओळख रे बाबा, म्हणजे मला सांगायला नको.

पण मी माझं काम फार चोख केलं होतं. कुणाला ओळखू येऊ नये म्हणून चौदावा मजला नववा केला. गुडघे काढून तुला चक्कर दिली. फॉल लावणं काढलं आणि तुझ्या हातात गोधडी दिली. भाजीच्या जागी दूध. आणि नाव, तू सांगितलेलं. मी विचारलं होतं, प्रबंधात दुसरं नाव काय देऊ? तू पटकन म्हणालीस, “शेवंती दे.” मग हळूच, “लग्नाआधी माझा ताच नाव होता. हयसर कोणाक म्हाईत नाय.” मी हरकत घ्यायला हवी होती, बदललेलं नाव खरं नसावं असा दंडक आहे. घेतली नाही. पन्नास वर्षांनी कुणीतरी तुला त्या नावाने लिहिणार होतं, ते मला मोडवेना.

तर सुहासदादाने शेवंतीची चार पानं वाचली. सावकाश वाचली. मधे एकदा मागे जाऊन परत वाचली. मी समोर बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. काकू, मी तुला इतकी चांगली लपवली होती की तुझ्या मुलाला तू ओळखू आली नाहीस.

“ही कोण गं बाई?” तो म्हणाला. “आपल्या बिल्डिंगमधली?”

“नाव नाही सांगता येत.”

“दाराला कान लावून बसते? आणि हिचा मुलगा काय करतो? त्याला कुणी सांगितलं की नाही?”

“तिने शपथ घातली होती, दादा.”

“शपथ?” आता मात्र त्याचा आवाज चढला. “अगं, बाई कोंडून घेऊन बसलीय आणि तू शपथ सांभाळत बसलीस? त्या बिचाऱ्याला वाटत असेल, आई मजेत आहे.”

“ती गेली, दादा.”

त्याने पानं नीट जुळवून, कडा सारख्या करून टेबलावर ठेवली. “मग त्याला आता कधीच कळणार नाही,” म्हणाला. उठताना चप्पल घालता घालता परत वळला. “आपलं बरं झालं. आई तरी सुखात होती. आणि हो, शनिवारी सकाळी ये थोडी मदतीला, मावशीचं सामान आहे.”

मी ‘येते’ म्हटलं. त्याच्या पाठीमागे दार लावलं आणि दाराला टेकून उभी राहिले. तुझ्यासारखीच.

तुझ्यावर पण राग आहे माझा, आज सांगूनच टाकते. का घातलीस शपथ? मुलाला वाईट वाटू नये म्हणून? आता बघ, त्याला वाईट वाटलंच, एका परक्या शेवंतीसाठी. तुझ्यासाठी वाटून घेता आलं असतं, तेही तू राहू दिलं नाहीस. कदाचित त्याने दुसऱ्या दिवशी रजा टाकून तुला हाताला धरून खाली नेलं असतं. तसा आहे तो. तुला तुझा मुलगा माहीत नव्हता का गं? की त्याच्यापुढे घाबरट दिसायची लाज वाटली?

आणि एक गोष्ट मला दुपारपासून सतावतेय. इथे कुणाला माहीत नाही असं तू म्हणालीस. पण गिरगावात एका बाईला माहीत आहे ना? तुझ्याबरोबर एका अंगणात वाढलेल्या शालूमावशीला. मी ती पानं तिच्यासमोर धरली, तर पहिल्या ओळीलाच ती मला थांबवणार. मजला बदलू दे, गुडघे बदलू देत. तू ते नाव मुद्दाम दिलं होतंस का? एक खिडकी उघडी ठेवावी म्हणून? की मीच माझ्या सोयीने तसं समजतेय? तुला विचारता येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये पुढेमागे सगळीकडे शोधलं, त्यावर तू काही बोललेली नाहीस.

तेव्हा ऐक. उद्या सकाळी मी गिरगावात जाणार. मावशीच्या स्टुलाशेजारी पायरीवर बसणार आणि तिला ती चार पानं वाचून दाखवणार. ती थांबवून विचारेल, तेव्हा मी ह्या वेळी खोटं बोलणार नाही. संध्याकाळी सुहासदादाकडे जाणार. तुझा आवाज त्याला देणार नाही, तेवढा शब्द पाळते. पण ते पाच कुणाला दिलेले होते, हे त्याला सांगणार. तो रडेल. मला कदाचित घराबाहेर काढेल. काढू दे. कुणीतरी त्या मुलाला सांगायला हवं, असं त्यानेच मला आज सांगितलंय.

त्यानंतरही मावशीला यायचं असेल तर येऊ दे, तो तिचा निर्णय. पण सगळं ऐकून येईल. आणि आली, तर पहिल्या दिवसापासून लिफ्टमध्ये तिचा हात मी धरणार, रोज, तिने पुरे म्हणेपर्यंत. हे तुला द्यायचं राहिलेलं आहे, ते तिला देईन.

तुझी शपथ मोडतेय, काकू. रागाव माझ्यावर, पोटभर रागाव. फक्त ह्या वेळी मला पैकीच्या पैकी देऊ नकोस. सतराचा पाढा तेव्हाही चुकलाच होता.

तुझ्या अकरा पावलांवरची,
दिपू